वाघदेवाचं जुनं छप्पर

“होळी झाली की जेसीबी येणार,” गोटीराम म्हणाला, “आणि सगळा उतार खणून निघणार. चर, खड्डे, मग रोपं. दोन पावसात डोंगर बघा कसा हिरवा होतो ते.”

दिवाळीच्या तोंडावरचा, वाघबारशीचा दिवस होता. हरसूलच्या अंगाला, डोंगरात आमचा पाडा आहे. पाड्याच्या वर, सागाचं रान जिथून सुरू होतं तिथे वाघदेव आहे. सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेला एक लाकडी खांब, त्याच्यावर तेव्हा पत्र्याचं छप्पर. वाघबारशीला सगळा पाडा तिथे जमतो. देवाला नारळ फुटला की मग चार कामाच्या गोष्टी होतात. गोटीराम माझा धाकटा दीर आणि वनसमितीचा अध्यक्ष. नाशिकच्या एका संस्थेने आमच्या उतारावर झाडं लावून द्यायची तयारी दाखवली होती, आणि ती गोष्ट सांगताना त्याची छाती फुगली होती.

“आणि गवताचं काय?” मी विचारलं.

“कुठल्या गवताचं, वयनी?”

“शेड्याचं.”

“शेडा ऱ्हायलाय कुठं? टाकळा हाय, रानतुळस हाय, घाणेरी हाय. शेडा तुमच्या डोक्यात हाय नुसता.”

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने हसली ती लंकाबाई, गोटीरामची बायको, माझी जाऊ. “जन्मभर पोरांना बाराखडी शिकवली,” ती म्हणाली, “आता मास्तरीणबाई गवताचा वर्ग भरवणार!”

मीही हसले. लंकाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, ते मी लग्न होऊन आले तेव्हापासून शिकले आहे. पण जागची उठले नाही.

मी या पाड्यात सून म्हणून आले तेव्हा हा उतार वेगळा होता. साग आणि ऐन दूर दूर उभे असायचे, आणि त्यांच्या पायाशी सगळीकडे शेडा. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीपर्यंत तांबूस-पिवळा, माणसाच्या कमरेइतका. वारा आला की सगळं रान एका बाजूला कलायचं. हे गवत दर साली बियाण्यापासून उगवत नाही. त्याचे ठोंब असतात, एकाच मुळावरून वर्षानुवर्षं फुटत राहणारे. उन्हाळ्यात वरून जळून गेलेलं दिसलं तरी पाऊस पडला की तोच ठोंब पुन्हा कोंब काढतो. लावऱ्या त्याच्या बुडाशी अंडी घालायच्या. आमच्या सगळ्यांच्या घरांची छपरं त्यानेच शाकारलेली असायची.

आणि सागाला त्याची फार गरज असते. सागाचं पान सुपाएवढं. पाऊस त्याच्यावर साठतो आणि मोठ्या थेंबांनी खाली आदळतो. खाली गवत असलं तर थेंब त्याच्यावर फुटून जमिनीत मुरतो. गवत नसलं तर तोच थेंब जमीन उकरतो. आता कुठल्याही सागाखाली जाऊन बघा, मुळं उघडी पडलेली दिसतील. ती माती खाली आमच्या भातखाचरांत येते, आणि पूर्वी होळीनंतरही वाहणारा आमचा झिरा आता संक्रांतीपासूनच बारीक होतो.

म्हणून मी गोटीरामला म्हटलं, “झाडं उतारावर आहेतच. कमी आहे ते त्यांच्या पायाशी. मशीन फिरलं तर जे दोन-चार ठोंब कुठे उरले असतील तेही उपटले जातील. मी होळीपर्यंत शेडा उगवून दाखवते. उगवला तर जेसीबी नको. आपण उतारावर गवत लावू.”

“आणि नाय उगवला तर?”

“तर मी तोंड उघडणार नाही.”

“ते उगवण्यापेक्षा अवघड हाय,” लंका म्हणाली.

आमच्या बीटावरची वनरक्षक तृप्ती तिथे बसली होती. पेठची मुलगी, नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. ती म्हणाली, “समितीने ठरवलं तर माझी काही हरकत नाही. होळीपर्यंत तसंही मशीन येणार नाही.” गोटीरामने मान हलवली. सौदा झाला.

शेडा आता फक्त वरच्या कड्यावर उरला होता, कातळाच्या फटींत, जिथे जनावर पोचत नाही आणि माणूसही क्वचितच. ते ठोंब उपटून खाली लावावेत, असं मनात आलं होतं. पण एकाला हात घातला तर तो वरूनच तुटून आला, मुळं फटीतच राहिली. होतं तेही गेलं असतं. म्हणून मी बी घ्यायचं ठरवलं. दोन बायकांना बरोबर घेऊन कड्यावर गेले, पिकलेल्या काड्या विळ्याने कापल्या, भारे बांधून घरी आणले आणि अंगणात बसून बी चोळून काढलं. शेड्याच्या बीला एक पिळदार कुसळ असतं, पीळ देऊन वाळवलेल्या दोऱ्यासारखं. बोटांना टोचतं. किती वर्षांनी ते टोचणं भेटलं! मला बरं वाटलं.

बी पेरायचं म्हणजे काय करायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, करतो तसंच मी केलं. घरामागे वाफा केला, पालापाचोळा, शेण, काटक्या रचून राब भाजला, राख थंड झाल्यावर त्यात ताजं बी पेरलं, वर माती लोटली. कार्तिकात पेरलं म्हणून झिऱ्याचं पाणी कळशीने आणून घातलं. नागलीचं बी असं मान देऊन पेरलं की ते कधी फसवत नाही.

पौषात वाफा हिरवा झाला. मी लंकाला हाताला धरून दाखवायला आणलं. ती वाकून बघत राहिली. मी ती रोपं काढून ओळीत आवणीही केली, जशी भाताची करतो तशी. माघात त्यांना तुरे आले, आणि तुरे आले तेव्हा कळलं की ती भातात माजणारं तण आहे. राखेबरोबर नाहीतर शेणाबरोबर आलं असणार. शेड्याची एक काडीही नव्हती.

लंकाने ते पाड्याला सांगायला वेळ लावला नाही. “आमच्या जाऊबाईंनी तणाची आवणी केली! पुढच्या साली त्याला गाडी भरून खत पण घालणार हायेत!” पाण्यावर जाणाऱ्या बायका मला बघून पदर तोंडाला लावायच्या. नाशिकहून मुलाचा फोन आला, त्यालाही कळलं होतं. “आई, तू इकडे ये. बाल्कनीत कुंड्या आहेत,” म्हणाला. मी म्हटलं, “कुंडीत डोंगर मावत नाही,” आणि फोन ठेवला.

वाफा मी मोडला नाही. पाणी घालत राहिले. तण उपटून टाकलं आणि रिकाम्या मातीला पाणी घातलं.

होळीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या बायका वाघदेवाच्या छपराखाली नागलीचे पापड लाटत होतो. तिथली सावली मोठी आणि जमीन सारवलेली, म्हणून ते काम तिथेच चालतं. गोटीराम आला, तृप्तीही आली. गोटीरामने माझ्याकडे बघितलं नाही. त्याला माझी कीव येत असावी, आणि कीव आली की तो खांबाशी बोलतो.

“मंग आता संस्थेला कळवतो,” तो खांबाला म्हणाला.

मी पदराच्या गाठीतलं उरलेलं बी काढून तृप्तीच्या हातावर ठेवलं. “हे मेलं का, एवढं सांग.”

तिने एक बी नखाने सोललं, ब्लेडने मधोमध कापलं आणि उन्हात धरलं. आत पांढरं शुभ्र होतं. “मेलेलं नाही, बाई. झोपलंय. काही रानगवतांचं ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला एक उन्हाळा खाऊ द्यावा लागतो, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. शेड्याचं तसंच असेल. पण उतारावर ते कसं टाकायचं, वाऱ्याने उडू नये, मुंग्यांनी नेऊ नये म्हणून काय करायचं, ते मी कधी पाहिलेलं नाही.”

मी काही बोलणार, तेवढ्यात वरून एक काडी घसरून लंकाच्या पोळपाटावर पडली.

“घ्या!” लंका वैतागली. “परत घसरलं ते.”

“काय घसरलं?”

“गवत. तुम्ही बी चोळून भारे टाकून दिले व्हते ना, ते मी तवाच इथं पत्र्यावर टाकलं, वर धोंडे ठेवले. पत्रा लय तापतो. पापड लाटता लाटता माणूसच भाजून निघतं.”

मी उठून बाहेर गेले आणि वर पाहिलं. पत्र्यावर शेडा पसरलेला होता, कार्तिकापासून उन्हात वाळलेला. मी घाईत चोळलेला. काड्यांना निम्मं बी तसंच चिकटलेलं.

मग मला आमचे सासरे दिसले. म्हणजे डोळ्यांपुढे आले. वाघदेवाला पूर्वी पत्रा नव्हता. वाघबारशीला डोंगरावरच्या शेड्याला पहिला विळा लागायचा, त्याआधी कुणी कापायचं नाही, आणि ते पहिलं गवत देवाच्या मांडवावर चढायचं. थंडीत आणि उन्हाळ्यात देवाला तेवढी सावली. वैशाख सरता सरता, आभाळ भरू लागलं की मांडव उतरवायचा, कारण पावसात वाघदेवाने भिजायचं असतं. तो भिजला की रान भिजतं, असं सासरे सांगायचे. आणि उतरवलेलं गवत चुलीत घालायचं नाही, गुरांना टाकायचं नाही. देवाच्या अंगावरचं ते. डोक्यावर घेऊन उतारावर न्यायचं आणि सागाखाली पसरायचं. वाटेत खाली टेकवायचं नाही.

आम्हाला वाटायचं, हा देवाचा मान. मान तर होताच. पण एक उन्हाळा खाल्लेलं बी, पावसाच्या तोंडावर, काडीच्याच पांघरुणाखाली सगळ्या उतारावर जात होतं. पुढे गोटीरामने वाघदेवाला पत्रा घातला, तेव्हा मी सुरगाण्याकडच्या शाळेवर होते. पत्रा उतरवावा लागत नाही. त्या दिवसापासून उतारावर काही गेलं नाही. म्हातारे ठोंब एकेक करून मरत गेले आणि त्यांच्या मागे नवे आलेच नाहीत.

हे सगळं मी तिथेच, मोठ्याने, पीठ लागलेल्या हातांनी सांगितलं. बायकांची लाटणी थांबली. तृप्ती म्हणाली, “असं असेल तर जुळतंय सगळं.”

गोटीराम मात्र पत्र्याकडे बघत होता. त्याच्या पुढच्या कडेला निळ्या रंगात त्याचं नाव रंगवलेलं होतं.

“म्हंजे मी पत्रा घातला म्हणून गवत गेलं, आसं म्हणताय तुम्ही?”

“मी असं म्हणत नाही. देव भिजतो म्हणून तुला वाईट वाटलं, तू घातलास. मी म्हणते, आता हे गवत वर नेऊ. एक पाऊस दे.”

“होळीपर्यंत म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. हरले. आता नव्याने मागते.”

“खड्डे उन्हाळ्यातच खणायला लागतात, वयनी. पाऊस पडल्यावर मशीन वर चढंल का? संस्था दुसऱ्या गावाला जाईल.”

हे त्याचं खरं होतं. मग मला एक आठवलं, ते मी विचारलं. “गोटीराम, तू लहान होतास. वर नेताना तुझ्या डोक्यावरची पेंढी पडली होती, आठवतं?”

त्याच्या मिशा हलल्या. “मधल्या मोठ्या ऐनाजवळ. ठेच लागली व्हती. बानं तिथून परत खाली धाडलं, देवापासून पहिल्यापासनं न्यायला लावलं. मी रडत रडत नेलं.”

“मी तुझ्या मागे होते.”

“तुम्ही हसत होतात.”

“हसत होते.”

त्याने खांबाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. लंका पोळपाटावरची काडी उचलून बाजूला ठेवत म्हणाली, “द्या की वाटून. भावकीत जमिनी वाटता, तवा बरं येतं.”

“ऐनापासून वरचा तुमचा,” गोटीराम शेवटी म्हणाला. “खालचा मशीनचा. आणि वर काय उगवलं नाय, तर पुढल्या साली तोबी मशीनचा.”

मला पूर्ण उतार हवा होता. पण मी अर्ध्यालाच हो म्हटलं.

जेसीबी आला, खालच्या अर्ध्यात चर खणून गेला. ते दिवस मी घरातच बसले. आवाज यायचाच.

वैशाख संपत आला, दुपारी आभाळ पूर्वेला काळवंडायला लागलं, तेव्हा आम्ही पत्र्यावरचं गवत उतरवलं. चादरी पसरल्या, म्हणजे बी सांडू नये. लंका आली, बायका आल्या, तृप्तीनेही डोक्याला फडकं गुंडाळलं. मी लहानशी पेंढी घेतली. गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, पण डोक्यावर वजन घेऊन मान ताठ ठेवायची सवय अंगातून जात नाही.

ऐनाच्या अलीकडे, मशीनने उकरलेल्या भुसभुशीत मातीवरून माझा पाय सरकला. मी पडले नाही, पेंढी पडली.

गोटीराम मागेच होता. तो पेंढ्या न्यायला आला नव्हता, नुसता बघायला आला होता. “ऱ्हाऊ द्या वयनी,” तो हळूच म्हणाला. “उचला आन चला. कोण बघतंय?”

मी सांडलेलं गवत गोळा केलं, पेंढी बांधली आणि परत खाली निघाले. लंका वरून ओरडली, “अवो जाऊबाई, येड लागलं का? ऊन बघा!” मी वाघदेवापर्यंत गेले, खांबाला हात लावला, पेंढी डोक्यावर घेतली आणि पुन्हा चढायला लागले. या वेळी गोटीराम माझ्या पुढून चालत होता. वाटेतले सुटे दगड पायाने बाजूला करत होता. हसला नाही.

वर सागाखाली आम्ही गवत पातळ पसरलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या टाकल्या. पूर्वी तसंच करायचे.

पाऊस लागला. भाताची आवणी आली, कुणाला वर बघायला फुरसत नव्हती. मी मात्र छत्री आणि काठी घेऊन जात राहिले. आधी काहीच नव्हतं. मग टाकळा आला, जो सगळीकडे येतो. मग एके दिवशी कुजत चाललेल्या काड्यांमधून बारीक, सरळ, हिरवी पाती दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. तणाची आवणी करून झाली होती.

आवणी उरकल्यावर लंका आपणहून आली. तिच्या खाचरात खालच्या अर्ध्या उतारावरून लाल गाळ उतरला होता, अर्धी रोपं त्यात बुडाली होती. ती त्याच रागात वर चढून आली होती. पातीकडे बघून म्हणाली, “हे तरी खरं का? का परत तेच?”

“बघू,” मी म्हटलं, आणि चिखलात बसले. एक रोप बोटाने उकरून अलगद उचललं. पांढरी मुळं, आणि मुळांच्या वर, कोंब जिथून फुटला होता तिथे, बीचं टरफल अजून चिकटलेलं. टरफलाला पिळदार कुसळ.

लंकाने ते कुसळ बोटाने चाचपलं. टोचलं असावं. “अगं बाई,” ती म्हणाली. मग तिने ते रोप माझ्या हातातून घेतलं, परत खड्ड्यात बसवलं आणि अंगठ्याने माती दाबली.

दुसऱ्या दिवशी गोटीराम येऊन गेला. मला सांगितलं नाही. पण ऐनापासून वर त्याच्या चपलांचे ठसे होते, आणि जागोजागी, जिथे रोपं होती तिथे, गुरांनी तुडवू नये म्हणून काटेरी फांद्या रोवलेल्या होत्या.

यंदाच्या वाघबारशीला आम्ही जमलो तेव्हा तो पान्हा घेऊन आधीच छपरावर चढलेला होता. बोल्ट गंजलेले, तो शिव्या देत होता. शेवटचा पत्रा खाली आला तो त्याच्या नावाचा.

“हा कुठं ठेवायचा?” त्याने विचारलं.

“बकऱ्यांच्या गोठ्यावर,” लंका म्हणाली. “बकऱ्यांना कळू द्या मालक कोण ते.”

मांडवासाठी यंदाचं गवत कड्यावरून आणलं. ते वर चढवताना रोहित, पाड्यातला एक तरुण, विळा परजत म्हणाला, “आजी, ऐनाच्या वर पण वीतभर झालाय की शेडा. तोच घेतला असता.”

“त्याला हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “यंदा नाही, पुढल्या साली नाही. ठोंब बसेपर्यंत कुणाचा विळा लागायचा नाही, कुणाची गाय शिरायची नाही.”

“ठोंब बसायला किती सालं लागतील?”

“लागतील तेवढी. मी आहे.”

गोटीराम मांडवावरून उताराकडे बघत होता. घाम पुसून त्याने खालच्या अर्ध्याकडे, चरांकडे बोट केलं. चरांच्या कडा पावसाने ढासळल्या होत्या, काही रोपं जगली होती, काही सुकली होती. “वैशाखात हे छप्पर उतरलं की,” तो म्हणाला, “निम्मं त्या चरांच्या बांधावर टाकायचं. माती धरून ठेवील.”

“टाकू की,” मी म्हटलं. “पण तुझी पेंढी तू न्यायची.”

“नेतो,” तो म्हणाला. “आन पडली तर पहिल्यापासनं.”

मग त्याने खाली हात केला आणि मी पुढची पेंढी त्याच्याकडे वर दिली.